मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण

१९७१ साली नेदरलँड्समध्ये पोस्टमा नावाच्या एका डॉक्टरबाईंनी स्वतःच्या आईला मॉर्फिनचे इंजेक्शन देऊन तिचे आयुष्य संपवले. मेंदूतील रक्तस्रावाने आईचे अंग लुळे पडले होते, ऐकूही येत नव्हते. मरण दे म्हणून ती लेकीला पुन्हापुन्हा विनवीत होती. १९७३ मध्ये लेउवार्डनच्या न्यायालयाने बाईंना दोषी ठरवले, पण शिक्षा दिली ती एका आठवड्याच्या कैदेची, आणि तीही स्थगित.

इच्छामरणाच्या कायद्याचा इतिहास बहुधा इथून सांगतात. आम्हाला मात्र त्यातला एक कारकुनी वाटणारा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. अशा वेळी डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहितो?

खरे लिहिले तर खटला. म्हणून डॉक्टर ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहून मोकळा होणार. मग रोग्याने स्वतः मागणी केली होती का, घरच्यांनी दडपण आणले का, हे तपासायचे कसे? १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की जीव वाचवणे आणि यातना दूर करणे या दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडलेल्या डॉक्टरला ‘नाइलाज’ हा बचाव घेता येईल. १९९० मध्ये खबर देण्याची पद्धतही ठरली. त्याच सुमारास सरकारी आयोगाने नाव गुप्त ठेवण्याच्या हमीवर डॉक्टरांना विचारले, तेव्हा वर्षाला सुमारे २३०० इच्छामरणे होत असल्याचे दिसले. कळवली गेली होती त्यांतली जेमतेम १८ टक्के!

यात नवल नाही. खबर जात होती सरकारी वकिलाकडे. ज्याच्या हाती बेडी, त्याच्या दारी आपणहून कोण जाईल?

१९९८ मध्ये मध्ये समित्या आल्या. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक नीतिशास्त्राचा जाणकार. १ एप्रिल २००२ पासून कायदा लागू झाला. दुसऱ्याचे आयुष्य त्याच्या विनंतीवरून संपवणे हा त्यातही गुन्हाच आहे. फक्त अटी पाळून स्वतः कळवणाऱ्या डॉक्टरला त्यातून सूट आहे. मागणी स्वेच्छेची व विचारपूर्वक हवी, यातना असह्य आणि सुधारणेची आशा नसलेल्या हव्यात, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रोग्याला भेटून लेखी मत द्यायला हवे. मृत्यूनंतर नगरपालिकेचा वैद्यक तपासणी करतो, कागद समितीकडे जातात, आणि समितीचे समाधान झाले तर प्रकरण तिथेच मिटते. कळवण्याचे प्रमाण १९९५ मध्ये ४१ टक्के, २००१ मध्ये ५४ आणि २००५ मध्ये ८० टक्के झाले.

उरलेल्या २० टक्क्यांत लबाडी असेल, असे आपल्याला सहज वाटते. पाहणीत निघाले वेगळेच. बार्बिट्युरेट आणि स्नायू शिथिल करणारे औषध वापरणारे डॉक्टर जवळजवळ सगळे कळवीत होते. न कळवलेल्या बहुतेक प्रकरणांत वापरले होते मॉर्फिनसारखे औषध, पोस्टमाबाईंनी वापरले तेच. आपण इच्छामरण दिले असे त्या डॉक्टरांना वाटतच नव्हते. त्यांच्या लेखी ते वेदनाशमन होते.