बिजासन टेकडीवरील वाट : इंदूरच्या विमानतळाची कथा

कोणत्याही नगराचा इतिहास त्याच्या वाड्यांत जितका दडलेला असतो, तितकाच तो त्याच्या वाटांतही असतो. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि खान व सरस्वती या लहानशा नद्यांच्या काठचे हे गाव माळव्याची मोठी बाजारपेठ बनले. अफू, कापूस आणि सराफी यांवर पेठा उभ्या राहिल्या, पुढे कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले. मात्र व्यापाराच्या मानाने या शहराचे वाटांचे भाग्य नेहमीच थोडे उणे राहिले. ही उणीव ध्यानी घेतली म्हणजे शहराच्या पश्चिमेस बिजासन मातेच्या टेकडीलगत संस्थानी राजवटीने विमानतळाची जागा का निवडली, याचा अर्थ उलगडतो.

यासाठी प्रथम रेल्वेची हकीकत पाहणे अगत्याचे आहे. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज साडेचार टक्के. १८७० च्या दशकात नर्मदा ओलांडून, पाताळपाणी-कालाकुंडचा अवघड घाट चढून गाडी इंदूरला पोहोचली. पैसा होळकरांचा होता, परंतु रुळांची रुंदी ठरवण्याचा अधिकार कलकत्त्याच्या सरकारचा होता. हा मार्ग मीटरगेजचा झाला, तर खांडव्याहून मुंबईस जाणारा मार्ग ब्रॉडगेजचा. परिणामी इंदूरच्या प्रवाशाला आणि कापसाच्या गाठींना खांडव्यास गाडी बदलल्यावाचून मुंबई गाठता येईना. ज्या शहराने रेल्वेला भांडवल पुरवले, तेच मुख्य रेल्वेमार्गापासून बाजूला राहिले. माळव्यातील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांना पुण्या-मुंबईचा प्रवास म्हणजे खांडव्याचा फलाट, हमाल आणि पुढच्या गाडीची प्रतीक्षा असाच ठाऊक होता.

विमानाला रूळ लागत नाहीत. त्याला सपाट जमीन, मोकळे आकाश आणि राज्यकर्त्याची इच्छा एवढे पुरते. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांना १९३० मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. नवतेची ओढ हा त्यांच्या स्वभावाचा ठळक विशेष होता. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, तो याच काळात. विमानतळाच्या बाबतीतही दरबाराने असाच जाणत्यांचा सल्ला घेतला. १९३५ मध्ये नॉर्मन आणि डॉबर्न या इंग्रज सल्लागारांशी विचारविनिमय करून बिजासन येथील जागा मुक्रर करण्यात आली. यांतील नायजेल नॉर्मन हे लंडनजवळील हेस्टन विमानतळाच्या संस्थापकांपैकी एक. ज्या टेकडीवर नवरात्रात देवीदर्शनासाठी भाविकांची रीघ लागते, तिच्या लगतचे माळरान अशा रीतीने नव्या युगाचे अंगण झाले.

त्या काळी भारतातील नागरी विमानवाहतूक बाल्यावस्थेत होती. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले ते १९३२ मध्ये. पुढे पाचच वर्षांत, १९३७ साली, टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली. तिचे मधले थांबे होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. ही नावे सलग वाचली की एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही संस्थानी राजधान्या होत्या आणि त्यांतील दोन मराठी राजघराण्यांच्या. विमाने लहान होती, नेलेला भार मुख्यत्वे टपालाचा होता आणि प्रवासी मोजकेच असत. तरीही मुंबई आणि दिल्ली यांना जोडणाऱ्या थेट वाटेवर इंदूरचे नाव आले, हे महत्त्वाचे. रेल्वेने जे स्थान नाकारले होते, ते आकाशमार्गाने दिले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारत राज्याचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांच्या जुन्या स्पर्धेची छाया राजधानीच्या प्रश्नावरही पडली आणि अखेर हिवाळ्यात ग्वाल्हेर व उन्हाळ्यात इंदूर अशी तडजोड निघाली. या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, २६ जुलै १९४८ पासून, इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. ज्या दोन घराण्यांच्या फौजा कधी एकमेकींवर चालून गेल्या, त्यांच्या राजधान्यांना आता एकच विमान जोडू लागले.

एप्रिल १९५० मध्ये संघीय वित्तीय एकीकरणाच्या योजनेनुसार हा विमानतळ भारत सरकारकडे गेला. जागा निवडल्यापासून अवघ्या पंधरा वर्षांत त्याचा निर्माता धनी बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत राज्यच संपुष्टात आले, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि इंदूरचे राजधानीपण, तेही वर्षातील काही महिन्यांचे, इतिहासजमा झाले. सत्ता गेली, पण वाट राहिली. राजधानीपण गमावलेली कित्येक संस्थानी नगरे पुढे मंदावली. इंदूर मंदावले नाही. याचे श्रेय प्रथम त्याच्या व्यापाराला आणि गिरण्यांना, पण काही अंशी या वाटेलाही दिले पाहिजे.

गिरण्यांचे युग मात्र टिकले नाही. १९०९ ची मालवा मिल, सर हुकुमचंद यांची मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, अशा गिरण्यांवर ज्यांचे संसार उभे होते, त्यांच्या वस्त्या एकेक करून निस्तेज झाल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये दिले गेले ते २०२३ च्या डिसेंबरात. मधली ३२ वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांतील अनेकांना हा दिवस दिसला नाही. याच कालावधीत शेजारच्या धार जिल्ह्यातील पीथमपूरला मोटारी आणि औषधांचे कारखाने वाढले आणि विमानतळाकडील बाजूस सुपर कॉरिडॉरवर संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. कापसाच्या गाठींना मालगाडी हवी होती. नव्या उद्योगातील अभियंत्याला विमान हवे होते. २०१२ मध्ये नवे प्रवासी भवन खुले झाले, जुलै २०१९ मध्ये दुबईस पहिले आंतरराष्ट्रीय विमान गेले आणि वर्षाच्या प्रवाशांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली. शहराच्या पूर्वेकडे गिरण्यांची धुराडी थंडावत असताना पश्चिमेकडे धावपट्टी गजबजत होती. एकाच शहराच्या या दोन कथा आहेत आणि एक सांगताना दुसरी वगळणे हा अर्धा इतिहास होय.

रेल्वेची जुनी उणीव अद्याप पुरती भरून निघालेली नाही. मुंबईस जाणारी ब्रॉडगेजची गाडी आजही रतलाम आणि वडोदऱ्याचा वळसा घेते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तुकोजीरावांच्या कर्जानंतर दीडशे वर्षांनी. तो पूर्ण होईल तेव्हा विमानाचे तिकीट ज्यांना झेपत नाही, अशा माळव्यातील माणसालाही महाराष्ट्राची सरळ वाट लाभेल.

हा विमानतळ आज देवी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. राज्य महेश्वरी, पण अहिल्याबाईंचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा काशीपासून रामेश्वरापर्यंत. त्या बांधल्या गेल्या पायी चालणाऱ्या, तहानलेल्या, रात्रीच्या आसऱ्याची चिंता असणाऱ्या यात्रेकरूसाठी. त्याची जात, प्रांत वा ऐपत कोणी विचारली नाही. होळकरी परंपरेत वाट बांधणे हे राजवैभवाचे प्रदर्शन नव्हते, तो राजधर्म होता. बिजासनच्या माळावर दिलेले हे नाव शोभेचे राहू नये असे वाटत असेल, तर प्रवाशांच्या वाढत्या आकड्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत राहावे लागेल : या नगरातून बाहेर पडण्याची वाट त्याच्या सर्वांत गरीब रहिवाशासाठी किती सोपी झाली आहे?