बीड ते बँकॉक : दोघांच्या सहलीचा खरा खर्च किती?

थायलंडच्या सहलीच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा एका व्यक्तीचा, मुंबई ते मुंबई आणि कर वगळून असतो. बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या दाम्पत्याची सहल मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते आणि तेथेच संपते. जाहिरातीतील आकडा आणि घरी परतल्यावरचा हिशेब यांत जी तफावत पडते, ती याच फरकातून. परदेशात पैसे अपुरे पडले की क्रेडिट कार्डाचा आधार घेतला जातो आणि सात दिवसांच्या सहलीचे हप्ते वर्षभर फेडावे लागतात. म्हणूनच निघण्यापूर्वी संपूर्ण खर्चाची मांडणी करणे अगत्याचे ठरते.

आग्नेय आशियात भारतीयांना सर्वाधिक सुलभ ठरलेला देश म्हणून येथे थायलंडचा विचार केला आहे. सहलीचा कालावधी सात दिवस व सहा रात्री, त्यांपैकी चार रात्री बँकॉक आणि दोन रात्री पट्टाया, असा धरला आहे. थायी चलन बाट. त्याचा दर रोज बदलतो. तथापि एका बाटला तीन रुपये धरल्यास हिशेब सोपा होतो आणि थोडा हात राखूनही राहतो.

पासपोर्ट आणि प्रवेश

प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी सर्वसाधारण पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ सेवेसाठी आणखी २,००० रुपये मोजावे लागतात. दोघांचे नवे पासपोर्ट काढायचे असल्यास ३,००० रुपये लागतात. घाई केल्यास हीच रक्कम ७,००० रुपयांवर जाते. टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू करण्याची योजना केंद्र सरकारने २०१७ मध्ये आणल्यापासून ग्रामीण जिल्ह्यांतील अर्जदारांची धावपळ कमी झाली आहे. जुना पासपोर्ट असल्यास त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. विवाहानंतर पत्नीचे नाव बदलले असले तरी पासपोर्टवर जे नाव आहे, त्याच नावाने तिकीट काढावे. नावातील तफावतीमुळे विमानतळावरून परत फिरावे लागले तर तिकिटाचे पैसे बुडतात.

थायलंडने भारतीय पर्यटकांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसामुक्त प्रवेश दिला. १५ जुलै २०२४ पासून मुक्कामाची ही मर्यादा ६० दिवसांची करण्यात आली. पुढे ती कमी करण्याची चर्चाही सुरू झाली. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थायी दूतावासाचा ताजा नियम पाहणे इष्ट. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. हे पत्र पूर्णतः विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत, हे लक्षात ठेवावे. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि पुरेशी रक्कम यांचा पुरावा प्रवेशाच्या वेळी मागितला जाऊ शकतो.

बीडहून विमानतळापर्यंत

बीडला विमानतळ नाही. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सुमारे १३० किलोमीटरवर, तर मुंबई सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. खासगी स्लीपर बसने मुंबईला जाऊन-येऊन, शहरातील टॅक्सीसह, दोघांना साधारण ५,००० रुपये लागतात. एसटीने गेल्यास खर्च आणखी घटतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे असल्याने दाम्पत्याचे काम दीड तिकिटात होते. याउलट, स्वतंत्र मोटार भाड्याने घेतल्यास चालकाच्या परतीचेही किलोमीटर मोजले जातात. सोडण्याच्या आणि आणण्याच्या दोन फेऱ्यांचा खर्च पथकरासह २२ ते २५ हजारांवर जातो. म्हणजेच एका माणसाच्या विमान तिकिटाएवढी रक्कम रस्त्यावरच खर्ची पडते.

जिल्ह्याच्या सर्व भागांना मुंबईच सोयीची, असेही नाही. परळी आणि अंबाजोगाई परिसरातील प्रवाशांना परळी वैजनाथ स्थानकातून रेल्वेने हैदराबाद गाठता येते. तेथून बँकॉकला थेट विमाने आहेत. आष्टी ते अहिल्यानगर रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडपर्यंतचा मार्ग १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाल्याने पश्चिमेकडील तालुक्यांना अहिल्यानगरमार्गे पुणे-मुंबईचा पर्याय मिळाला आहे. चिकलठाण्याहून मुंबईमार्गे जायचे असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या प्रवासाची जबाबदारी त्या कंपनीवर राहते. दोन वेगळी तिकिटे घेतल्यास हे संरक्षण मिळत नाही.

विमानतळाच्या नावाकडेही लक्ष हवे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने तिकिटावर नेमका कोणता विमानतळ आहे, हे तपासावे लागते. बँकॉकमध्येही सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ असून दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत.

विमानभाडे आणि हंगाम

मुंबई ते बँकॉक प्रवास चार ते साडेचार तासांचा आहे. वीस किलो सामानासह परतीचे भाडे माणशी २५,००० रुपये धरावे. दोन-तीन महिने आधी आरक्षण केल्यास ते २० हजारांच्या आत मिळू शकते. दिवाळीच्या सुट्टीत किंवा वर्षअखेरीस ३५ हजारांपुढेही जाते. स्वस्त तिकिटात अनेकदा केवळ सात किलोची हातातील बॅग समाविष्ट असते. सामानाचे पैसे विमानतळावर भरण्यापेक्षा आरक्षणाच्या वेळीच भरणे स्वस्त पडते.

थायलंडमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आल्हाददायक व महाग हंगाम. मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात हॉटेलांचे दर उतरतात. मात्र फुकेत, क्राबी या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि बोटींच्या फेऱ्या रद्द होतात. १३ ते १५ एप्रिल या काळातील सोंगक्रान या थायी नववर्षाच्या उत्सवात गर्दी व दर दोन्ही वाढतात.

मुक्काम, भोजन आणि भटकंती

मेट्रो स्थानकाजवळची मध्यम प्रतीची दोघांची खोली दिवसाला १,२०० ते १,८०० बाटला मिळते. सरासरी १,५०० बाट धरल्यास सहा रात्रींचे २७,००० रुपये होतात. स्थानकापासून दूरची स्वस्त खोली घेतल्यास वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

भोजनासाठी दोघांना दिवसाला १,००० बाट पुरेसे होतात. शाकाहारी प्रवाशांनी मात्र सावध राहावे. भाजीच्या साध्या पदार्थातही माशांपासून केलेला रस वापरण्याची तेथे पद्धत आहे. ‘जे’ हा थायी शब्द सांगितल्यास मांस, मासे आणि अंडी वर्ज्य असलेले जेवण मिळते. बँकॉकच्या फाहुरात भागात भारतीय भोजनालये आहेत. परंतु रोज दोन्ही वेळा तेथेच जेवल्यास खर्च दीडपट होतो. घरून नेलेली चटणी, दशम्या आणि कोरडा फराळ पहिल्या दोन दिवसांचा भार हलका करतो.

शहरातील प्रवासासाठी उन्नत रेल्वे आणि चाओ फ्रया नदीतील प्रवासी बोटी स्वस्त आहेत. बोटीचे तिकीट सुमारे १६ बाट आहे. मीटरच्या टॅक्सीचे भाडे ३५ बाटपासून सुरू होते. सुवर्णभूमी विमानतळावरून टॅक्सी घेतल्यास ५० बाट अधिभार द्यावा लागतो. मीटर लावण्यास नकार देणारी टॅक्सी सोडून द्यावी. पट्टायाच्या बससह वाहतुकीसाठी दिवसाला ४०० बाट धरता येतात.

राजवाड्याचे, म्हणजे ग्रँड पॅलेसचे, प्रवेशशुल्क परदेशी व्यक्तीला ५०० बाट, वाट फो मंदिराचे ३०० आणि वाट अरुणचे २०० बाट आहे. एका दिवसाच्या या तीन ठिकाणांसाठीच दोघांना २,००० बाट, म्हणजे ६,००० रुपये लागतात. अयोध्येवरून नाव पडलेल्या अयुथ्या या जुन्या राजधानीला रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने माणशी सुमारे २० बाटमध्ये जाता येते. तीच सहल खासगी मोटारीने केल्यास कित्येक पटींनी महाग पडते. मंदिरांत गुडघे व खांदे झाकलेला पोशाख आवश्यक आहे.

पैसे कसे न्यावेत

बहुतेक गळती येथेच होते. थायी एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढताना दरवेळी २२० बाट वा त्याहून अधिक शुल्क आकारले जाते. भारतीय बँकेचे शुल्क वेगळे. म्हणून लहान रकमा वारंवार काढू नयेत. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडून काही रोकड व फॉरेक्स कार्ड घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. विमानतळावरील चलन विनिमय केंद्रांचे दर सहसा शहरातील केंद्रांपेक्षा वाईट असतात. भारताबाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय रोकड नेता येते. कार्ड वापरताना यंत्राने रुपयांत की बाटमध्ये असे विचारल्यास बाट हाच पर्याय निवडावा. रुपये निवडल्यास चढा दर लागतो.

पॅकेज घ्यावे की स्वतः जावे?

पॅकेजवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो. याशिवाय टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी गोळा केला जाणारा आयकर, द्यावा लागतो. त्याचा दर २०२६ च्या अर्थसंकल्पात परदेशी सहलींसाठी सरसकट दोन टक्के करण्यात आला. १,२०,००० रुपयांच्या पॅकेजवर या दोन्हींचे मिळून सुमारे ८,४०० रुपये होतात. टीसीएसची रक्कम आयकर विवरणपत्र भरून परत मिळवता येते. विवरणपत्र न भरणाऱ्यांचे पैसे मात्र तसेच राहतात. पॅकेज घेताना दुपारचे जेवण, प्रवेशशुल्क, वाहनचालकाची बक्षिसी आणि विमा समाविष्ट आहे काय, हे लेखी घ्यावे.

प्रवास विमा ऐच्छिक असला तरी टाळू नये. भाड्याची दुचाकी चालवायची असल्यास परिवहन कार्यालयातून १,००० रुपये शुल्काचा आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. वैध परवान्याविना अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे.

आणखी एक सावधगिरी. नोकरीच्या आमिषाने कोणी बँकॉकचे फुकट तिकीट देत असल्यास ते नाकारावे. अशा रीतीने नेलेल्या तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे उघड झाले असून मार्च २०२५ मध्ये ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

शेजारच्या देशांत वेगळे काय?

मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दिला आहे. व्हिएतनामच्या एकवेळ प्रवेशाच्या ई-व्हिसाला माणशी २५ डॉलर लागतात. इंडोनेशियात आगमनानंतरच्या व्हिसाला पाच लाख रुपिया आणि बालीत फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपिया पर्यटन शुल्क आहे. कंबोडियातील अंगकोर मंदिरसमूहाचे एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर, तर तीन दिवसांचे ६२ डॉलर आहे. थायलंड-कंबोडिया यांच्यात जुलै आणि डिसेंबर २०२५ मध्ये लष्करी चकमकी झाल्याने दोन्ही देश रस्त्याने जोडून पाहण्याचा बेत आखू नये.

खर्च एका दृष्टिक्षेपात (दोन व्यक्ती, अंदाजे, रुपयांत)

बीड-मुंबई-बीड, बसने : ५,०००
विमानभाडे : ५०,०००
मुक्काम : २७,०००
भोजन : २१,०००
स्थानिक वाहतूक : ८,४००
प्रवेशशुल्क व सहली : १५,०००
विमा व मोबाइल सिम : ४,०००
चलन विनिमयातील घट : २,५००
एकूण : १,३२,९००
राखीव रक्कम, सुमारे दहा टक्के : १३,०००
नवे पासपोर्ट काढल्यास : ३,०००
अखेरची बेरीज : १,४८,९००

खरेदीचा खर्च यात धरलेला नाही. थोडक्यात, बीडच्या दाम्पत्याने दीड लाख रुपये हाती असल्याखेरीज हा बेत आखू नये. रक्कम कमी असल्यास दिवस कमी करावेत किंवा पट्टायाचा टप्पा गाळावा. विमा आणि राखीव रकमेला मात्र कात्री लावू नये.