कुणाचा रे तू?

आमच्या गावी वाटेत एखादी म्हातारी भेटली, की ती नाव विचारत नसे. डोळ्यांवर हात आडवा धरून थेट विचारी, "कुणाचा रे तू?" आपण 'वरच्या आळीतल्या भाऊंचा धाकटा' असं सांगायचं, की ती 'असं होय' म्हणून चालू लागायची. नावाशी तिला कर्तव्य नसे. नाव काय, कुणीही कुणाला ठेवतं. पण मागे 'चा' लागला, की माणसाचा ठावठिकाणा लागतो. या 'चा'चा खरा महिमा मात्र मला पत्त्यांनी शिकवला, आणि तेही जपानी पत्त्यांनी.

पत्ते म्हणजे बदाम सात किंवा मेंढीकोट, एवढीच माझी त्या क्षेत्रातली गती. २००० सालच्या डिसेंबरात माझा मेव्हणा अमेरिकेहून सहकुटुंब आला. त्याचा मुलगा आमच्या चिरंजीवांच्याच वयाचा, नऊ-दहाचा. त्यानं बॅगेतून चॉकलेटांच्याही आधी पत्त्यांची एक थप्पी काढली, आणि दोन दिवसांत अशी वेळ आली की दोघा मामे-आतेभावांना जेवायला उठवण्यासाठी हिला लाटणं घेऊन बाहेर यावं लागे. खेळाचं नाव पोकेमॉन. "पत्ते नाहीत बाबा, कार्डं!" असं मला सुनावण्यात आलं.

या पोकेमॉनांचा जनक सातोशी ताजिरी. लहानपणी हा गृहस्थ किडे गोळा करत हिंडे. आपल्याकडे असल्या मुलाच्या दोन मुस्काटात बसतात आणि खिशातला भुंगा बाहेर फेकला जातो. ताजिरीनं मोठेपणी त्याच छंदाचा व्हिडिओ गेम केला. तो जपानात फेब्रुवारी १९९६ मध्ये आला, पाठोपाठ ऑक्टोबरात पत्ते आले, आणि जानेवारी १९९९ मध्ये ते इंग्रजी बोलत अमेरिकेत उतरले. साठ पत्त्यांचा एकेकाचा जोड. प्राणी मांडायचा, त्याला शक्तीचे पत्ते जोडायचे, मग तो वाढून मोठा प्राणी होतो आणि समोरच्याला बदडतो.

पहिली दोनेक वर्षं यातले बहुतेक प्राणी बेवारशी होते. जिओड्यूड म्हणजे जिओड्यूड. दिसायला दोन हात फुटलेला धोंडा. तो कुणाचा, कुठला, काही नाही. मग १९९८ मध्ये जपानी कंपनीला आमच्या गावच्या म्हातारीची बुद्धी झाली. मूळ व्हिडिओ गेममध्ये गावोगावी एकेक 'जिम' असते आणि तिचा एकेक 'लीडर'. मला हे आधी कळेना. मग ध्यानात आलं, अहो, ही तर तालीम आणि हा तिचा वस्ताद! असे आठ वस्ताद. दगडधोंड्यांच्या तालमीचा ब्रॉक, पाण्याच्या तालमीची मिस्टी, विजेचा लेफ्टनंट सर्ज, झाडापेडांची एरिका, विषारी निंजा कोगा, मनकवडी सब्रीना, आगीचा ब्लेन आणि शेवटचा जिओव्हानी, जो वस्ताद असून शिवाय चोरांच्या टोळीचाही म्होरक्या. (अशी दुहेरी पदं भूषवणारी मंडळी आपल्याला अपरिचित नाहीत.) या वस्तादांची नावं प्राण्यांना लागली. ब्रॉकचा जिओड्यूड, मिस्टीचा सायडक, ब्लेनचा चॅरिझार्ड. पत्त्यावर मालकाचं चिमुकलं चित्रसुद्धा. इंग्रजीत हे दोन संच २००० च्या ऑगस्टात आणि ऑक्टोबरात निघाले, प्रत्येकी १३२ पत्त्यांचे. मेव्हण्याच्या मुलानं आमच्या चिरंजीवांना भेट दिलेली दोन पाकिटं पहिल्या संचातली.

आता या 'चा'नं काय केलं पाहा. नियम असा, की एका नावाचे चारच पत्ते जोडात घ्यायचे. शक्तीचे साधे पत्ते तेवढे वगळून. पण 'जिओड्यूड' आणि 'ब्रॉकचा जिओड्यूड' ही नावं निराळी, म्हणून हे चार आणि ते चार सुखानं एकत्र नांदत. शिधापत्रिकेवर सासरचं आणि माहेरचं अशी दोन नावं टिकवून दोन्हीकडची साखर उचलणारी एक बाई मला माहीत होती, तिची आठवण झाली. काही पत्ते तर उघड उघड आपल्या माणसांचीच बाजू घेत. 'ब्लेन' नावाच्या पत्त्यानं आगीचा जादा पुरवठा होई, पण घेणाऱ्याच्या नावात ब्लेन असेल तरच. बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं.

पण खरी गोम वाढण्यात होती. जिओड्यूड वाढला की ग्रॅव्हलर होतो. मात्र ब्रॉकच्या जिओड्यूडवर ब्रॉकचाच ग्रॅव्हलर ठेवावा लागतो. साधा चालत नाही. चिरंजीवांच्या हाती ब्रॉकचा जिओड्यूड होता आणि ग्रॅव्हलर होता तो साधा, मामेभावाच्या थप्पीतून मिळालेला. डाव अडला. हरण्याच्या बेतात आलेला मुलगा पाहून माझ्यातला बाप आणि सरकारी कारकून दोघेही एकदम जागे झाले. मी म्हटलं, "ठेव रे! ग्रॅव्हलर तो ग्रॅव्हलर. कोण बघतंय?" मामेभाऊ पाहुणा, तो गप्प राहिला. आमचे चिरंजीव मात्र लालबुंद झाले. "असं कसं बाबा? तो ब्रॉकचा आहे! ब्रॉकनं वाढवलाय त्याला!" आणि डोळ्यांत पाणी आणून तो डाव हरला. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

या वस्तादांपैकी कोगाची एक गंमत सांगायलाच हवी. त्याच्या 'निंजा ट्रिक' या जपानी पत्त्यावर 'मान्जी' होता. मान्जी म्हणजे बौद्धांचं स्वस्तिक. जपानच्या नकाशांवर देऊळ दाखवायला हेच चिन्ह असतं. आपल्या उंबऱ्यावरचं नि दिवाळीच्या वहीवरचं स्वस्तिक उजवीकडे वळतं, हे डावीकडे. जपानी पत्ते अमेरिकेत पोचले आणि १९९९ च्या अखेरीस तिथल्या ज्यू पालकांच्या नजरेला ते पडलं. त्यांना देऊळ कुठून दिसणार? ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना हिटलरच दिसणार. कंपनीनं तो पत्ता थांबवला, इंग्रजी आवृत्तीत चित्र बदललं. देवळाची खूण कुणीतरी पळवून नेऊन असली बाटवली, की मूळ मालकानं कितीही 'आमचं आहे हो' म्हटलं तरी ऐकायला कोण थांबतं?

पत्त्याला मालक असणं आपल्याला तसं नवं नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात; मत्स्याचे मत्स्याला, कूर्माचे कूर्माला. पण तिथे देवांची वाटणी कायमची झालेली. पोकेमॉनवाले धरसोडीचे. २००४ मध्ये मॅग्मा आणि अ‍ॅक्वा या दोन टोळ्यांचे प्राणी आले, त्याच वर्षी रॉकेट टोळीचे पुन्हा आले, आणि मग थोड्याच काळात, एखाददुसरा अपवाद सोडला तर, हे खातं वीसेक वर्षं बंद.

ते उघडलं २०२५ मध्ये, आणि आमच्या घरात थेट दिवाणखान्यात उघडलं. नातू नवे पत्ते घेऊन बसला होता. एनचा झोरोआर्क, लिलीची क्लिफेरी, आयोनोचा बेलीबोल्ट. रॉकेट टोळीचा म्यूटू तर असा, की आपल्या टोळीचे चार जण मैदानात असल्याशिवाय हातच उचलत नाही. मोर्चाला माणसं जमल्याखेरीज न बोलणारा पुढारीच तो. नातू एक पत्ता दुसऱ्यावर ठेवायला गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंहं, मालक वेगळा आहे. चालणार नाही."

खुर्चीत मोबाईल बघत बसलेल्या चिरंजीवांनी मान वर केली. वय पस्तीस, कपाळ मागे हटलेलं. "बाबा, तुम्हाला आठवतं?" मग जरा वेळानं, "माझा ब्रॉकचा जिओड्यूड कुठे गेला हो? घर बदलताना हरवला ना?"

घर बदलताना हरवला, हे मी वीस वर्षं सांगत आलो होतो. हिनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. हिला ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी, की घराला रंग काढायचा होता, चिरंजीव दहावीच्या क्लासला गेले होते, कपाटावर बुटांचं एक खोकं होतं, आणि रद्दीवाला दारात उभा होता. खोकं उघडून पाहिलं तेव्हा तो दोन हातांचा धोंडा सगळ्यांत वर होता. मला ओळखूही आला.

"रद्दीत दिला मी," मी म्हणालो.

चिरंजीव काही बोलले नाहीत. नातवानं मात्र हातातला पत्ता खाली ठेवला.

"पण आजोबा, तो बाबाचा होता ना?"

"हो."

"मग तुम्ही कसा दिलात?"

"पाच रुपये किलोनं," मी म्हणालो.