चुराप्चाचे शासन : नावाची साक्ष

इ. स. १९२२ च्या मार्च महिन्यात, लेना नदीच्या पूर्वेस असलेल्या चुराप्चा या गावी, याकूत प्रदेशातील बोल्शेविकविरोधी बंडखोरांनी आपले शासन स्थापन केले. रशियातील यादवी युद्धाच्या अखेरच्या पर्वातील ही घटना बहुधा फुटीर राज्याचा प्रयत्न म्हणून गणली जाते. तथापि, त्या शासनाने धारण केलेले नाव पाहता हा निर्णय तपासून घेणे अगत्याचे ठरते.

‘तात्पुरते याकूत प्रादेशिक लोकप्रशासन’ हे ते नाव होय. ‘तात्पुरते’ हे विशेषण १९१७ साली झारच्या पदत्यागानंतर पेत्रोग्रादमध्ये आलेल्या सरकारने रूढ केले होते. अंतिम निर्णय सर्व रशियाच्या संविधान सभेने करावा, हा त्यातील अभिप्राय. ‘प्रादेशिक’ या पदामागे ‘ओब्लास्त’ हा मूळ शब्द आहे. झारशाहीत याकूत मुलखाला हाच प्रशासकीय दर्जा होता. १९२० मध्ये सोव्हिएत सत्तेने तो मोडून हा मुलूख काही महिने इर्कुत्स्क प्रांतास जोडला व पुढे त्याचा स्वतंत्र प्रांत, म्हणजे ‘गुबेर्निया’, केला. बंडखोरांनी जुनेच पद पुन्हा स्वीकारले. राज्य, प्रजासत्ताक यांसारखा सार्वभौमत्वसूचक शब्द त्यांनी योजला नाही.

नाव हा एकमेव पुरावा होऊ शकत नाही, हे खरे. परंतु वर्तनही त्यास दुजोरा देते. १९२१ च्या शरद ऋतूत उठाव पेटला, त्यास प्रांतिक अधिकाऱ्यांची जबरदस्तीची वसुली, अटका व देहदंड मोठ्या प्रमाणात कारणीभूत होते. बंडखोरांचा सेनानी कॉर्नेट मिखाईल कोरोबेइनिकोव हा झारच्या सैन्यातील हुद्द्याने ओळखला जाई. आणि साहाय्याची याचना झाली ती व्लादिवोस्तोकच्या, म्हणजे दुसऱ्या एका रशियन, सरकारकडे.

या मागणीचा खरा अर्थ प्रतिपक्षातील तरुण याकूतांनी ओळखला. प्लातोन ओयून्स्की, माक्सिम अम्मोसोव व इसिदोर बाराखोव यांनी दडपशाहीच्या सूत्रधारांना दूर सारले. बंडखोरांना माफी देऊ करण्यात आली आणि २७ एप्रिल १९२२ रोजी याकूत स्वायत्त सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकाची स्थापना झाली. बंडाच्या पायाखालची भूमी सरकली, ती केवळ शस्त्रबळाने नव्हे. सेनापती पेपेल्यायेव सुमारे सातशे स्वयंसेवकांसह ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा चुराप्चाचे शासन मोडून गेले होते. जून १९२३ मध्ये आयान येथे तोही शरण आला.

स्वायत्तता देववणाऱ्या या तिघांचा शेवट मात्र विदारक झाला. स्तालिनच्या दमनचक्रात अम्मोसोव व बाराखोव यांना १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ओयून्स्की १९३९ मध्ये तुरुंगात मरण पावला. प्रदेशाचा कारभार प्रदेशातील माणसांनी पाहावा, ही आकांक्षा दोन्ही पक्षांत होती. एका पक्षाने तिच्यासाठी ‘ओब्लास्त’ हा शब्द योजला, दुसऱ्याने ‘स्वायत्त प्रजासत्ताक’ हा. ‘फुटीर’ हे विशेषण केवळ पराभूतांच्या माथी मारल्यास हे साम्य दृष्टीआड होते. म्हणूनच इतिहासकाराने विजेत्यांची परिभाषा स्वीकारण्यापूर्वी पराभूतांनी स्वतःस दिलेले नाव एकदा तरी वाचावे.