मुलांना पुस्तक वाचून का दाखवायचं? कधीपासून आणि कसं?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीहून लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारे आईबाबा घरी पोहोचतात, तेव्हा अनेकदा मुलांची झोपायची वेळ झालेली असते. मूल इंग्रजी माध्यमात असेल, तर मराठी कानावर पडते, पण मराठी पुस्तक हातात येतंच असं नाही. अशा घरांत रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवण्याचा खूप उपयोग होतो.

घरात मराठी बोलतो, ते पुरेसं नाही का?

रोजचं बोलणं बरंचसं 'जेव, आवर, चल लवकर' याभोवती फिरतं. 'घनदाट', 'डौलदार', 'लगबग' असे शब्द गोष्टीत जास्त भेटतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० चित्रपुस्तकांची तुलना मोठ्यांच्या मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी केली गेली. पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द जास्त आढळले.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. पुस्तकातली मराठी आधीच कानावर पडलेली असेल, तर वर्गात धडा वाचताना ती परकी वाटत नाही.

सुरुवात कधी करायची?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये अगदी तान्ह्या वयापासून वाचून दाखवण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन देऊ नये. मूल एका जागी बसलेलं असताना त्याला गोष्ट वाचून दाखवावी किंवा सांगावी, असंही त्यात म्हटलं आहे.

कसं वाचायचं?

- मुलाला चित्र दिसेल असं जवळ बसवा. पान त्याला उलटू द्या.
- मध्येच थांबून 'आता काय होईल?' असं विचारा. उत्तर चुकलं तरी परीक्षा घेऊ नका.
- तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. ओळखीच्या गोष्टीत मूल स्वतः शब्द भरू लागतं.
- कंटाळा दिसला की थांबा.
- आईबाबांना उशीर होत असेल, तर आजी-आजोबांनी वाचावं. मोठी भावंडंही वाचू शकतात.

पुस्तकं कुठे मिळतील?

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे लहान मुलांच्या पुस्तकांची आणि वर्गणीची चौकशी करता येईल. विकत घ्यायचं असेल, तर माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करता येते. बालसाहित्यातल्या योगदानासाठी त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. फोनवर वाचताना मात्र नोटिफिकेशन बंद ठेवा.

एखाद्या दिवशी वाचायचं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायची गरज नाही. नेहमीची दहा मिनिटं पुरतात.