केंडलरचे चिनीमातीचे प्राणी

शाडूचा गणपती वाळताना तडकला की जीव कसा हळहळतो, हे आपण जाणतोच. आता शेळीएवढी चिनीमातीची मूर्ती भट्टीत घालायची आहे अशी कल्पना करा!

जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली चिनीमातीचा कारखाना सुरू झाला. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला चिनी-जपानी भांड्यांचे विलक्षण वेड होते. ड्रेस्डेनच्या आपल्या 'जपानी महाला'साठी त्याने मोठमोठे प्राणी-पक्षी बनवायला सांगितले. हे काम आधी किर्शनरने हाती घेतले. १७३१ साली योहान योआखिम केंडलर (१७०६-१७७५) कारखान्यात आला.

गोव्याहून गेलेला गेंडा
किर्शनरचा गेंडा ड्युररच्या १५१५ च्या चित्रावरून केलेला आहे. मूळ गेंडा गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिला आणि तो गोव्याहून लिस्बनला गेला. ड्युररने तो कधीच पाहिला नव्हता. त्याने खांद्यावर काढलेले जादा शिंग किर्शनरच्या गेंड्यावरही आले!

केंडलरची रीत वेगळी होती. शिल्पकार टोमे याच्याकडे तो बरोक शैलीत तयार झाला होता, पण प्राणी तो राजाच्या संग्रहातील जिवंत जनावरे पाहून घडवी. १७३२ ची त्याची बसलेली शेळी आणि तिला लुचणारे करडू पाहिले की हे लगेच पटते.

कृती
१. मातीचा नमुना करायचा.
२. त्यावरून प्लास्टरचे साचे तुकड्यांत काढायचे.
३. साच्यात चिनीमाती दाबून भाग सांधायचे.
४. सावकाश वाळवून प्रखर आचेवर भाजायचे.

भाजताना माती आक्रसते. जाड-पातळ भाग सारखे आक्रसले नाहीत की तडे जातात. पुन्हा भट्टीत घालण्याचा धोका नको म्हणून काही मूर्ती नुसत्या तैलरंगाने रंगवल्या. पुढे तो रंग बहुतेक निघून गेला. तडे मात्र आजही दिसतात.

राजा १७३३ साली वारला आणि महालाची योजना पुरी झाली नाही. केंडलर पुढे लहान मूर्तींकडे वळला. १७५३ च्या सुमारास केलेला त्याचा माकडांचा वाद्यवृंद प्रसिद्ध आहे.

किर्शनरचा गेंडा ड्रेस्डेनच्या संग्रहात आहे. केंडलरची शेळी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहे. मुलांना घेऊन गेलात तर तडे जरूर दाखवा. कारागिरांनी किती मोठे धाडस केले, ते त्यातूनच कळते.