सात टेकड्या, तीन मुक्काम

आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि आमच्या नातेपुत्याला विसावते. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरी. कुठे थांबायचे हा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. त्याचे मुक्काम परंपरेने ठरवून दिलेले आहेत.

दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही ही शिस्त उचलण्यासारखी आहे. फातिमाच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या हाती लिस्बनसाठी बहुधा दोनतीन दिवस असतात. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु ह्या शहराचे मुक्काम इतिहासाला ठरवू द्यावेत, कारण त्या इतिहासात आपलाही वाटा आहे.

लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे, असे परंपरा सांगते. चढ खडे आणि वाटा दगडी, म्हणून एका दिवसाला एकच चढण पुरे. पहिल्या दिवशी सकाळी कॅथेड्रलपाशी जावे. पदुआचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते संत अंतोनी मूळचे ह्याच शहराचे. त्यांच्या जन्मस्थानी उभारलेले चर्च कॅथेड्रलच्या शेजारीच आहे. तेथून वर चढले की साव जॉर्जचा किल्ला लागतो. राजा अफोन्सो हेन्रिक यांनी तो ११४७ मध्ये मूर लोकांकडून घेतला. पोर्तुगालचे राजदप्तर कित्येक शतके ह्याच किल्ल्याच्या बुरुजात होते. वसईचा प्रदेश गुजरातच्या बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर दोन शतके आपल्या पूर्वजांचे भवितव्य ह्या दूरच्या राजधानीशी बांधलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या टेकडीवरील कार्मोच्या मठात जावे. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या मठाच्या चर्चला आज छप्पर नाही. कमानींच्या वर थेट आभाळ दिसते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. त्यामागून समुद्राच्या लाटा आल्या, नंतर आग लागली. हजारो माणसे दगावली. राजदप्तराचा बुरूजही कोसळला. ढिगाऱ्याखालून कागद उपसून वाचवावे लागले. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराची चर्चे ज्याने पाहिली आहेत, त्याला कार्मोत उभे राहिल्यावर आपले गाव आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र दोन्हींची कारणे वेगळी. येथे धरणी हादरली. तेथे चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात किल्ला जिंकला आणि पुढे वस्ती ओसरत गेली.

तिसरा दिवस नदीकाठच्या बेलेमचा. तेथील जेरोनिमस मठ सोमवारी बंद असतो, हे आधीच ध्यानात ठेवावे. मठात वास्को द गामाची कबर आहे. १४९७ मध्ये त्याची जहाजे ह्याच काठावरून निघाली. संत फ्रान्सिस झेवियर यांनीही ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडले. ४ एप्रिल १५७९ रोजी तेथूनच फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघाले.

पण त्याच काठावरून तोफाही आल्या. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले. १६८४ मध्ये तर तेथील लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा व्हाइसरॉयचा हुकूम निघाला. एकाने आपल्या भाषेत पुराण रचले, दुसऱ्याने ती भाषाच मोडू पाहिली. आणि दोघेही आले ते एकाच समुद्रमार्गाने.

त्या काठावर उभे राहताना ह्या दोन्ही गोष्टी मनात असाव्यात. नुसता अभिमान बाळगला तर त्या हुकुमाचा विसर पडतो. नुसता राग धरला तर ओव्यांचा विसर पडतो. आपली श्रद्धा त्या गलबतांतून आली, हे खरे. पण आज आपण प्रार्थना करतो ती आपल्या मातीच्या भाषेत. तो हुकूम आता दप्तरात शोधावा लागतो. ओवी मात्र अजून आपल्या ओठांवर आहे. तिसऱ्या मुक्कामाहून परतताना एवढी शिदोरी बरोबर असली, तर प्रवास सार्थकी लागला म्हणायचे.